पौर्णिमाताईची हमी

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास अल्लीपूरच्या पोलीस ठाण्यात रोडरोलर शिरला. फाटकाजवळ झेंडूच्या सात कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या, त्या ओळीनंच सपाट झाल्या. आवाराच्या मधोमध रोलर थांबला आणि वर बसलेल्या माणसानं खाली न उतरताच हात जोडले.

"जयभीम मॅडम! तुमचं आंगण लय खडबडीत हाय. दहा मिनटात चकाचक करून देतो. चहा सांगू नका, टाइम नाई!"

हा गजेंद्र. वय बत्तीस. बापूराव ठेकेदारांच्या रोलरवर सात वर्षांपासून ऑपरेटर. सात वर्षांत त्यानं रोलरला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. त्या दिवशी मात्र उजाडताच, कोणाला न विचारता, त्यानं तो बाहेर काढला. आधी वस्तीमागची पांदण धरली. शेताकडं जाणारी ही वाट पावसाळ्यात बैलांना गुडघ्यापर्यंत गिळते आणि दिवाळीनंतर वाळून नुसते खाचखळगे उरतात. गजेंद्रनं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून काढली. मग तो बाजारात आला आणि चहाटपरीसमोर उभी असलेली बापूरावांची नवी स्कुटी रोलरखाली घेऊन पुढं निघाला. रोलरमागं धावावं लागत नाही, चालत गेलं तरी पुरतं. तसे शंभरेक लोक मागून चालत ठाण्यापर्यंत आले होते. सगळ्यात पुढं बापूराव, "गज्या, थांब! थांब ना बे!" असं ओरडत. पण वर चढून त्याला थांबवायची छाती कोणाची झाली नाही.

त्याच्या मोठ्या बहिणीला, पौर्णिमाला, फोन गेला तेव्हा ती एका म्हाताऱ्याला टीबीची गोळी देत होती. पौर्णिमा गावची आशाताई. कुठली बाई कितव्या महिन्यात आहे, कोणाच्या घरी ताप आहे, कोण गोळ्या अर्ध्यात सोडतो, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असायचं. आईबाप गेल्यावर गजेंद्र तिच्याच घरी राहत होता. म्हाताऱ्यानं गोळी गिळेपर्यंत ती थांबली, मग पदर खोचून धावत सुटली.

ठाण्यात पोचली तेव्हा गजेंद्र खाली उतरला होता आणि दोन शिपायांना सांगत होता की अल्लीपूर ते वर्धा रस्ता एकाही वळणाशिवाय कसा करता येईल. शब्दावर शब्द चढत होते. डोळे लाल, ओठ फुटलेले. बहीण दिसताच त्यानं हात पसरले. "ताई! पांदण पाह्यली का? पाह्यली का पांदण?"

"पाह्यली रे बाप्पा," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

बापूराव तक्रार द्यायला टेबलाशी उभेच होते. "रोलरची चोरी, गाडीची नुकसानी, सारं लिहा. वर्ध्याच्या जेलात दोन महिने राह्यला का नशा उतरते बरोबर."

"नशा नाई करत तो," पौर्णिमा म्हणाली.

ठाणेदार आकांक्षा मॅडम नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी कुंड्यांकडं एकदा पाहिलं, गजेंद्रकडं बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून पौर्णिमाजवळ बसल्या.

"ताई, हा नीट झोपला कधी?"

पौर्णिमाला रडू फुटलं. सकाळपासून सगळ्यांनी तिला त्यानं काय केलं ते विचारलं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

"सहा दिवस झाले मॅडम. डोळ्याले डोळा नाई. घरातले सारे कपडे वाटून आला. काल मी हात धरला त मले ढकललं. त्यानं आजवर माह्यावर आवाज नाई चढवला, मॅडम. तो काल..." तिनं डोळे पुसले. "दोन वर्षांआधी उलटं झालतं. तीन महिने खाटेवरून उठे नाई. लोक म्हणत, आळशी झाला. मीबी म्हटलं. मी आशा होय मॅडम. साऱ्या गावाची दुखणी मले समजतात, अन् घरातलं मले दिसलं नाई."

"आमच्या ट्रेनिंगमधे एक डॉक्टर आले होते," आकांक्षा मॅडम म्हणाल्या. "ते म्हणाले, असा माणूस समोर आला तर पहिले झोपेचं विचारा. नाहीतर मलाही कळलं नसतं."

बापूराव हटले नाहीत, त्यामुळं गुन्हा नोंदवावाच लागला. पण मॅडमनी कागदपत्रांना आणखी एक पत्र जोडलं: आरोपी आजारी दिसतो, कोर्टानं डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. पोलिसांच्या गाडीत बसताना गजेंद्रनं ड्रायव्हरला गिअर कसे टाकावेत ते शिकवायला सुरुवात केली. हिंगणघाटपर्यंत तो शिकवतच होता.

तिथल्या कोर्टात त्याच्यासाठी विधी सेवेचे मोफत वकील उभे राहिले. प्रफुल नाव, वयानं गजेंद्रएवढेच. त्यांनी न्यायाधीशांना एवढंच सांगितलं की हा माणूस आज स्वतःचा बचाव काय करायचा ते समजण्याच्या स्थितीत नाही, त्याला जेलात पाठवलं तर दुखणं वाढेल आणि खटलाही पुढं सरकणार नाही. तेवढ्यात गजेंद्रनं कोर्टाची फरशी एका बाजूला उतरती असल्याचं निदर्शनास आणून दिलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून फरशी पाहिली, मग त्याला पाहिलं, आणि तपासणीचा आदेश लिहिला.

तो जेलऐवजी वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात गेला. पहिले दोन दिवस औषधाच्या गुंगीत झोपला. नंतरही झोपतच होता, सहा दिवसांची उधारी फेडल्यासारखा. डॉक्टर मेघा रोज येऊन बसत. चौथ्या दिवशी त्यांनी पौर्णिमाला समोर बसवून सांगितलं.

"दोन वर्षांपूर्वीचं खाटेवर पडून राहणं आणि आताचं हे उधाण, दोन्ही एकच आजार. मन कधी खूप खाली जातं, कधी खूप वर. गोळ्यांनी ते आटोक्यात राहतं. शुगरवाल्याला जसं औषध सांभाळावं लागतं, तसं यालाही सांभाळावं लागेल."

"बाहेरवाशाचं, भूतबाधेचं नाई ना हे?" पौर्णिमानं विचारलं. विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली, कारण हाच प्रश्न विचारणाऱ्या किती बायांना तिनं स्वतः समजावलं होतं.

"नाही. आणि तुमच्यामुळंही नाही," मेघा मॅडम म्हणाल्या.

बाराव्या दिवशी गजेंद्र पुन्हा कोर्टात उभा राहिला. आता तो शांत होता, जरा जडच. पौर्णिमानं इस्त्रीचा शर्ट आणला होता. न्यायाधीशांनी डॉक्टरांचा अहवाल वाचला.

"भरती ठेवायची गरज नाही, बाहेरून उपचार चालतील, असं डॉक्टर म्हणतात. अशा वेळी नातेवाईक किंवा मित्रानं उपचाराची हमी घेतली तर कायदा याला घरी जाऊ देतो. हमी कोण घेतं?"

"मी घेते, साहेब. बहीण होय त्याची."

"दर बुधवारी हिंगणघाटच्या दवाखान्यात मानसिक आरोग्याचं पथक येतं. तिथं आणावं लागेल. रोज गोळी घेतोय की नाही ते पाहावं लागेल. जमेल?"

पौर्णिमा रात्रभर घोकून आलेली शुद्ध वाक्यं विसरून गेली. "साहेब, अकरा टीबीवाले मी डोळ्यासमोर गोळी गिळवून बरे केले. जीभ वर करून दाखवाले लावते मी. एक बुवा दीड वर्ष माह्याशी बोल्ला नाई, पण गोळी सोडू नाई देली. हा त सख्खा भाऊ हाय."

मागून गजेंद्रचा हळू आवाज आला. "साहेब, हे खरंच जीभ पाह्यते."

आधी पट्टेवाला हसला, मग प्रफुल वकील, आणि मग न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाशी धरला. हमीपत्रावर पौर्णिमानं सही केली. इतकी जपून सही तिनं स्वतःच्या नेमणुकीच्या कागदावरही केली नव्हती.

घरी आल्यावर सोपं होईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. डिसेंबरभर गजेंद्र ओट्यावर बसून रस्ता पाहायचा. गोळ्यांनी हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा. शेजारणी कुजबुजायच्या. एका सकाळी पौर्णिमानं गोळी पुढं केली तर त्यानं तोंडच मिटून घेतलं.

"काऊन रे?"

"नाई घेत."

"काऊन नाई घेत?"

त्यानं बशीत सांडलेल्या चहाकडं पाहिलं. मग म्हणाला, "ताई, तवा मले वाटे का सारा वर्धा जिल्हा माह्या हातात हाय. चांदणीले हात लावला असता मी. आता चहाचा कप हातात राह्यत नाई. माहा आनंद नेला या गोळीनं. तो मले वापस पाह्यजे."

पौर्णिमानं गोळी ताटलीत ठेवली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"तू गोळी नाई घेत त मीबी जेवत नाई."

"नको जेवू."

बारा वाजले. एक वाजला. चुलीवर भरल्या वांग्यांची भाजी होती, सकाळीच झाली होती, आणि तिचा वास घरभर फिरत होता. पौर्णिमाचा नवरा विवेक कापसाच्या जिनिंगमधून जेवायला आला, दोघांना समोरासमोर बसलेलं पाहिलं, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या मधोमध बसून आवाज करत जेवला. दुसऱ्यांदा भाजी घेतली. तिसऱ्यांदा घेतली.

"आमच्यासाठी ठेवा ना जी काई!" पौर्णिमा ओरडली.

गजेंद्रनं गोळी उचलली, तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि न सांगता जीभ वर करून दाखवली. "वाढ आता. सारी संपवून राह्यला हा."

बुधवारी पथकाबरोबर हिंगणघाटला आलेल्या मेघा मॅडमना त्यानं सगळं सांगितलं. मॅडमनी बहिणीकडं पाहिलं नाही, त्याच्याकडंच पाहिलं. "गजेंद्रजी, तुम्हाला जे वाटत होतं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण ते तुम्हाला झोपू देत नव्हतं, जेवू देत नव्हतं, आणि शेवटी रोलरवर बसवून बाजारात घेऊन गेलं. सकाळची वेळ होती. स्कुटीच्या जागी कोणी माणूस असता तर?"

गजेंद्रनं मान खाली घातली. हा विचार त्यानंही केला होता, पण कोणाला सांगितला नव्हता.

"थरथर कमी होईल. मात्रा बदलून पाहू, रक्त तपासू. पाणी भरपूर प्या. आणि आनंदाचं म्हणाल, तर तो येईल. थोडा हळू येतो, पण येतो."

तो आला जानेवारीत, दवाखान्याच्या बाकावर. बुधवारच्या रांगेत देवकाबाई नावाची सत्तरीची म्हातारी असायची. तिला वर्षानुवर्षं कानात आवाज येत. आता औषधानं कमी झाले होते. ती सगळ्यांच्या आधी येई आणि आलेल्या प्रत्येकाला आपल्या मनानं नंबर देई. नर्सचे नंबर वेगळे असत, पण लोक देवकाबाईचेच मानत. त्या दिवशी तिनं गजेंद्रला वरून खालून न्याहाळलं.

"तू तो रोलरवाला ना रे?"

"हाव, आजी."

"आमच्या गावाची पांदण कवा करतं? मले सांगून येजो. माह्या सुनेची गाडी दारातच उभी राह्यते."

गजेंद्र हसला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्याला बाक धरावं लागलं. देवकाबाईही हसायला लागली, शेजारचे दोघे तिघे हसायला लागले. एकटी पौर्णिमा हसली नाही. ती तशीच उठून मेघा मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, तो हसून राह्यला."

"मग?"

"लय हसून राह्यला."

"काल झोपला होता?"

"हो. आठ तास."

"जेवला?"

"तीन भाकरी."

"कशावर हसतोय?"

पौर्णिमानं सांगितलं. मेघा मॅडम स्वतःच इतक्या हसल्या की बाहेरून नर्स डोकावून गेली. "ताई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हे औषधाच्या पलीकडचं आहे. जा, तुम्हीपण बसा त्यांच्यात."

फेब्रुवारीत बापूराव पौर्णिमाच्या दारात आले. कोर्टानं रोलर त्यांना परत देऊन दोन महिने होत आले होते, पण तो जुना रोलर कोणाकडून सुरूच होत नव्हता. हिंगणघाटचे दोन मिस्त्री हात टेकून गेले होते. बापूराव ओट्यापाशी उभे राहिले, बसले नाहीत.

"बरं हाय का?" त्यांनी विचारलं.

"बरं हाय जी," गजेंद्र म्हणाला. मग खाली पाहून, "गाडीचं लय वाईट झालं, बापूरावजी. तुमच्या जिवालेबी धोका होता. मी त्या टायमाले मी नव्हतो, पण हात त माहेच होते."

बापूराव ओट्यावर टेकले. "इन्शुरन्सवाल्यानं विचारलं, गाडी कशाखाली आली? म्हटलं, माह्याच रोलरखाली. तो म्हणे, मजाक नका करू."

पौर्णिमानं चहा टाकला.

गजेंद्रला अजून मशीन चालवायची परवानगी नव्हती, मेघा मॅडमनी बजावून सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बापूरावांनी साइटवर खुर्ची नेली, बाभळीच्या सावलीत ठेवली, आणि गजेंद्रनं खुर्चीवर बसून नव्या ऑपरेटरला सांगितलं, "डिझेलच्या नळीले खालून दोनदा ठोक. आता दम खा. आता ओढ." रोलर पहिल्याच झटक्यात धडधडला. नव्या ऑपरेटरनं त्याला नमस्कार केला. गजेंद्र रोज जाऊ लागला, आधी नुसता बसायला, मग खडीचा हिशेब ठेवायला, मग लेव्हल पाहायला. मार्चमधे डॉक्टरांनी लेखी दिलं की तो आता बरा आहे, मशीन चालवू शकतो.

त्याच महिन्यात लोक अदालत होती. बापूराव इस्त्रीचे कपडे घालून आले आणि तडजोडीच्या कागदावर त्यांनी सही केली.

"तुमच्यावर कोणाचा दबाव नाही ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हाय ना साहेब. पावसाळ्याच्या आत तीन रस्ते पुरे कराचे हायत. हा पोट्टा मले साइटवर पाह्यजे."

प्रकरण मिटलं. बाहेर आल्यावर प्रफुल वकिलांनी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले आणि स्वतः दोन प्लेटा खाल्ल्या. पौर्णिमाची प्लेट मात्र तशीच होती. हमीपत्राची मुदत आता संपली होती, कागद फायलीत गेला होता. आता गजेंद्रनं गोळी नाही घेतली तर कोणता कागद दाखवायचा? बसमधे तिनं त्याला तसं विचारलंही.

"कागद कायले लागते?" गजेंद्र खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "मले काय भाकरी खाले कागद लागते?"

चौदा एप्रिलला अल्लीपूर निळं झालं होतं. बेचाळीस डिग्रीचं ऊन उतरलं तशी सात वाजता मिरवणूक निघाली. वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्यांत, ढोल, डीजे, चौकात शरबताचे पिंप. रथ म्हणून सजवलेला ट्रॅक्टर गजेंद्र चालवत होता, पाण्याची बाटली मांडीशी, आणि दर चौकात ढोल घुमला की ट्रॅक्टर थांबवून खाली उतरून नाचायचा. बंदोबस्ताला उभ्या आकांक्षा मॅडमना त्यानं लांबूनच कडक जयभीम घातला. मॅडमनीही हात वर केला.

पौर्णिमा मिरवणुकीच्या कडेकडेनं चालत होती. दर वर्षी ती नाचायची. या वर्षी तिचे डोळे भावावरून हलत नव्हते. तो किती बोलतो आहे, डोळे लाल तर नाहीत, कपाळावर घाम आहे की आणखी काही.

नऊ वाजायला आले तेव्हा मिरवणूक बाजार चौकात रंगात आली होती. अजून तासभर तरी कोणी घरी जाणार नव्हतं. गजेंद्रनं ट्रॅक्टर विवेकच्या ताब्यात दिला आणि गर्दीतून वाट काढत बहिणीपाशी आला. अंग गुलालानं निळं झालेलं, दम लागलेला, चेहरा हसरा.

"ताई, मी जातो. गोळीचा टाइम झाला. दहाले झोपतो म्हटलं का झोपतो मी."

"आताच? आता त मजा येऊन राह्यली."

"म्हूनच जातो," तो म्हणाला. मग तिच्याकडं पाहून थांबला. "तू काऊन कडेले उभी हायेस? साडीले एक डाग नाई तुया. सातपासून मलेच पाहून राह्यली ना तू?"

गजेंद्रनं तिची पर्स, चपला आणि पाण्याची बाटली हातात घेतली आणि तिला खांद्याला धरून नाचणाऱ्या बायांच्या घोळक्यात ढकललं. हलकेच, दोन बोटांनी. बाकीच्या आशाताया तिथंच होत्या. त्यांनी आरडाओरडा करत तिला आत ओढलं. कोणीतरी मूठभर निळा गुलाल तिच्या डोक्यावर उधळला.

पौर्णिमानं मान वळवून पाहिलं. गजेंद्र बहिणीच्या चपला काखेत धरून, लोकांना बाजूला करत, घराकडं चालला होता. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला. ढोलवाल्यानं तिला पाहिलं आणि चाल बदलली. मग ती अशी नाचली की दुसऱ्या दिवशी गोळ्या वाटायला गेलेली बाई लंगडत होती, आणि टीबीचा म्हातारा जीभ वर करून दाखवण्याआधी तिलाच विचारत होता, "पौर्णिमा, पायाले काय झालं वो?"